जाताना लवकर, येताना उशिरा



खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. सोन्या-चांदीची आटणी करणारी ही मंडळी कोलकात्यापासून कोईमतूरपर्यंत पसरली आहेत. पूर्वी आगगाडीत दिवस काढणारी ही माणसं आता सणावाराला विमानानं येतात, आणि एक प्रश्न हमखास विचारतात : पुण्याहून कोलकात्याला विमान लवकर पोचतं, मग हिवाळ्यात परतताना जास्त वेळ का घेतं?

अंतर तर तेवढंच. रेल्वेनं पुणे ते हावडा सुमारे 2,000 किलोमीटर, हवेतून सरळ मोजलं तर सुमारे 1,580. समजा, विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर. हा वेग भोवतालच्या हवेतला असतो, आणि ती हवाही वाहतच असते. कृष्णेत धारेबरोबर पोहणारा बघता बघता पुढे जातो, धारेविरुद्ध तेवढेच हात मारणारा मागे राहतो. तसंच हे.

हिवाळ्यात उत्तर आणि मध्य भारतावर, विमानं उडतात त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. तो ताशी 100 किलोमीटर धरा. जाताना जमिनीवरून हिशेब केला तर वेग 900 होतो, येताना 700. म्हणजे जायला पावणेदोन तास, यायला सव्वादोन. अर्धा तास वाऱ्यानं खाल्ला! धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं याचा वेळ वेगळा. म्हणून तिकिटावरचे आकडे याहून मोठे दिसतात.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर चित्र पालटतं. खाली नैर्ऋत्येचा मोसमी वारा पाऊस आणत असतो, तेव्हा खूप उंचावर पूर्वेकडून जोरदार वारे वाहतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1950च्या दशकात या वाऱ्यांचा अभ्यास मांडला. त्यामुळे जुलैत चेन्नईहून मुंबईला येणाऱ्याला वाऱ्याची साथ मिळू शकते.

विमान कंपन्या हे सारं धरूनच वेळापत्रक आखतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते बदलतं. तेव्हा परतीच्या तिकिटावर जास्त वेळ दिसला, तर विमान लांबून फिरून येतंय असं समजू नका. आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून खानापूर तालुक्यातल्या विट्याला रस्त्यानं चारेक तास लागतात, आकाशातल्या प्रवासाहून जास्तच. तेव्हा गाडीवाल्याला जातानाच्या अंदाजानं वेळ सांगू नका; परतीच्या तिकिटावरची उतरण्याची वेळ वाचूनच बोलवा.