मद्य आणि मेंदू
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



इ. स. २००४ च्या अखेरीस आपल्या याच विक्रोळीत विषारी दारूने ऐंशीहून अधिक माणसे दगावली. २०१५ साली मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक बळी गेले. अशा दारूत मिथेनॉल असते. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्यांच्या नसांवर घाला घालते. धोका ठाऊक असूनही माणूस गुत्त्याकडे वळतो, तेव्हा ‘त्याला मनोनिग्रह नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. शास्त्र मात्र निराळे सांगते.

१९५४ साली ओल्ड्स व मिल्नर या शास्त्रज्ञांनी कॅनडात उंदराच्या मेंदूत बारीक तार बसविली. खटका दाबताच तेथे सौम्य विद्युत्प्रवाह पोहोचे. उंदीर तो खटका पुनःपुन्हा दाबीत राहिला. ‘हे परत कर’ असे शिकविणारी यंत्रणा मेंदूत आहे, ती ही. अन्न, स्नेह, शाबासकी यांनी ती जागी होते व डोपामीन नामक द्रव्य तिचे निरोप पोहोचविते. मद्य हे द्रव्य श्रमावाचून वाढविते. नित्य पिण्याने मेंदूचा प्रतिसाद मंदावतो. साध्या सुखातील गोडी जाते, पुढे मद्यातीलही जाते, परंतु ओढ मात्र वाढते. कपाळामागील विवेकाचा भागही दुर्बळ होतो.

यावर आपल्या घरांतील उपाय दोन: देवापुढे शपथ, नाही तर खोलीला बाहेरून कडी. परंतु मद्याच्या गुंगीशी झुंजण्यासाठी सदैव चेतलेला मेंदू, दारू एकाएकी तुटताच, बेफाम होतो. हात कापतात, आकडी येते, भास होतात. प्रसंगी प्राणही जातो. म्हणून अनेक वर्षे रोज पिणाऱ्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच कार्य करीत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा मुंबईतही भरतात.

एके काळी आपण क्षयाचा रोगी लपवीत होतो. आज त्याला उघडपणे दवाखान्यात नेतो. मद्याच्या बाबतीत मात्र अजून लपवाछपवी चालते. वधूवर-सूचीत मुलाचे शिक्षण व पगार लिहितो, हा आजार लिहीत नाही; आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या घरची लेक जन्मभर मोजते.

मद्य सुटल्यावर मेंदू पुष्कळ अंशी सावरतो. त्यास महिनोन्‌महिने अवधी आणि माणसांची सोबत लागते. ती सोबत मंडळाने द्यावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.