वाहक म्हणजे रोगी नव्हे
(नाशिक येथील कुटुंबमेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी वकील आहे, वैद्य नव्हे. तरीही आज रक्ताच्या एका रोगाविषयी बोलण्यास उभा आहे, याचे कारण एक कागद आहे. काही दिवसांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीच्या रक्ततपासणीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यावर ‘सिकलसेल, ए-एस’ एवढेच लिहिले होते. तेवढ्यावरून वरपक्षाने ठरलेले लग्न मोडले होते आणि मुलगी रोगी असल्याचा बोभाटा झाला होता. “दावा लावता येईल का?” असे ते विचारीत होते. मी म्हणालो, “दाव्याचे मागाहून पाहू, आधी हा कागद वाचू.” तोच कागद आज आपण मिळून वाचावा, अशी माझी इच्छा आहे.

रक्तास तांबडा रंग देणारे व प्राणवायू शरीरभर पोहोचविणारे द्रव्य म्हणजे हिमोग्लोबिन. ते तांबड्या पेशींत असते. निरोगी पेशी वाटोळी व लवचिक असून सुमारे १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रोग्याचे हिमोग्लोबिन जन्मतःच सदोष असते. प्राणवायू कमी पडला की त्याची पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठ होते. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात. नावाचा अर्थ एवढाच. अशा पेशी १० ते २० दिवसांत नष्ट होतात, म्हणून रक्तक्षय होतो. त्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे, सांधे, छाती व पोट यांत असह्य वेदना उठतात. हा रक्तक्षय केवळ लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही, कारण मूळ दोष लोहाच्या उणिवेचा नसतो.

आता ती अक्षरे पाहू. हिमोग्लोबिनचा गुण प्रत्येकास मातेकडून एक व पित्याकडून एक असा मिळतो. दोन्ही निर्दोष असल्यास कागदावर ‘ए-ए’ येते. दोन्ही सदोष असल्यास ‘एस-एस’ येते, तो रोगी. एकच सदोष असल्यास ‘ए-एस’, तो वाहक. वाहक सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. तो शिकतो, कष्ट करतो, संसार करतो. त्याचा स्पर्श, उष्टे अन्न वा सहवास यांनी कोणासही हा रोग होत नाही.

दोन वाहकांचा विवाह झाला, तर प्रत्येक गर्भाच्या वेळी मूल रोगी होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के व निर्दोष होण्याची २५ टक्के असते. जोडीदार ‘ए-ए’ असेल तर एकही मूल ‘एस-एस’ होत नाही. मात्र सिकलसेल व थॅलेसेमिया यांचे वाहक एकत्र आल्यासही रोग संभवतो, म्हणून तीही तपासणी करावी. मी त्या गृहस्थांना विचारले, “मुलाचे रक्त तपासले होते काय?” तपासलेच नव्हते! अर्धा पुरावा पाहून निकाल दिला, आणि शिक्षा मुलीला झाली.

तपासणी सोपी आहे. सोल्युबिलिटी नावाची पहिली चाचणी केवळ दोष आहे की नाही, एवढेच सांगते. वाहक कोण व रोगी कोण, हे इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी या चाचणीने ठरते. पहिल्याच कागदावर थांबू नये.

हा रोग मागल्या जन्मीच्या पापाचे फळ आहे, असे कोणी सांगेल. ते आपण मानू नये. १९१० साली अमेरिकेतील डॉक्टर हेरिक यांनी या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात तो १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत आढळला. पुढे विदर्भात आदिवासी, पूर्वाश्रमीचे महार व इतर समाजांतही दिसून आला. आपल्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यातही त्याचे रुग्ण आहेत. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाने माणसे मेली, तेथे वाहक अधिक वाचले. कारण त्यांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. यात पाप नाही, हीनता तर मुळीच नाही. पण हेही ध्यानात असू द्या, की धर्मांतराने माणसाचे मन पालटते, रक्तातील जनुक पालटत नाही. म्हणून तपासणी टाळू नये.

रोग्याने भरपूर पाणी प्यावे, कडाक्याची थंडी व अतिश्रम टाळावेत, लसी वेळेवर घ्याव्यात. हायड्रॉक्सियुरिया हे औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे. ताप, धाप वा छातीत दुखणे दिसताच रुग्णालय गाठावे.

आता कायदा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल रोगाची गणना २१ दिव्यांगत्वांत केली आहे. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक ठरल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांतील किमान ५ टक्के राखीव जागांवर हक्क सांगता येतो. सरकारी नोकरीतील ४ टक्के जागांच्या यादीत मात्र रक्तविकार नाहीत. कोणी तसे आश्वासन देऊन पैसे मागितल्यास देऊ नये. हा लाभ रोग्याचा आहे, वाहकाचा नव्हे. म्हणजे एका अक्षराच्या फरकाने एकाचा हक्क बुडतो आणि दुसऱ्यावर नसता कलंक येतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. खरेदीखतावर अंगठा उठविण्यापूर्वी आपण ते वाचून घेतो, तसाच वैद्याचा कागद वाचून घ्या. न कळलेला शब्द विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि विवाह जुळविताना रक्त तपासायचे, तर मुलीचे व मुलाचे, दोघांचेही तपासा.