मुक्काम कुणाच्या सोयीचा?

(पुण्यातील वस्ती-गटांच्या कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून इथं पोटगी, रेशनकार्ड, घरातली मारहाण या विषयांवर बोलणं चाललंय, आणि मी मात्र दोन दिवस डोंगरावर गेलं तर उतरायचं कुठं, यावर बोलायला उभी आहे. मघाशी काहीजणी हसल्याही. ‘ताई, आम्हाला कुठली आलीय सहल!’ असंही कुणी म्हणालं. तरी हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. विश्रांती हा बाईच्या हक्कांपैकी सगळ्यात उशिरा आठवणारा हक्क आहे. आणि घरातली कामाची वाटणी, बाईच्या चारित्र्यावरचा संशय, जातीची विचारपूस हे आपले रोजचे प्रश्न लॉजच्या काउंटरवर एकदम समोर येऊन उभे राहतात.

आधी घरातलं बघू. मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वरला जायचं ठरतं. नवरा भाडं बघतो, मुलं पोहण्याचा तलाव बघतात, सासूबाई विचारतात जेवण शाकाहारी आहे ना. जी सगळ्यांच्या बॅगा भरणार असते, तिला शेवटी विचारतात, ‘तुला काय, कुठंही चालेल ना?’ आणि आपण म्हणतो, ‘चालेल.’

मग स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकघर असलेला बंगला ठरतो. गॅस आहे, भांडी आहेत, बाहेरच्या खाण्याचा खर्च वाचेल. आपण तिखट-मीठ, डाळ-तांदूळ, पिठाचा डबा बांधून घेतो. सकाळी बाकीचे विल्सन पॉइंटवर सूर्योदय बघायला जातात आणि आपण पोहे भिजवतो. सहल सगळ्यांची होते. बाईचं स्वयंपाकघर तेवढं साडेचार हजार फूट उंचावर जातं!

देशभर झालेल्या २०१९ च्या कालवापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाला सरासरी २९९ मिनिटं इतका वेळ बिनमोलाच्या घरकामात जातो. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा जातो ९७ मिनिटं. आपल्या सहलीत ही २९९ मिनिटं कमी होणार की वाढणार, हे पुष्कळसं मुक्कामाच्या जागेवर ठरतं.

म्हणून हिशेब पुरता मांडा. उदाहरणादाखल धरा, बंगल्याचं भाडं रात्रीला चार हजार आणि नाश्ता-जेवणासह लॉजचं साडेपाच हजार. बंगला दीड हजारांनी स्वस्त दिसतो. त्यातून किराणा, दूध, भाजीचे आठशे वजा करा. उरले सातशे. सहा माणसांचा दिवसभराचा स्वयंपाक, चहा, भांडी या सगळ्याची ही किंमत. एवढी बचत करायची असेल तर खुशाल करा, पण ती कुणाच्या कष्टातून होते आहे ते घरात मोठ्यानं बोलून करा. आणि बंगलाच घ्यायचा ठरला तर सकाळचा चहा कोण करणार, भांडी कोण घासणार, हे पुण्यातून निघायच्या आधी ठरू द्या. डोंगरावर पोचल्यावर ही वाटणी होत नाही.

आता दुसरी बाजू. घर सोडून आपण बायकाच निघालो तर? किंवा एकटीच निघाली तर?

आमच्या ओळखीची एक बाई. नवऱ्यानं टाकलेली, चार घरी स्वयंपाक करून दोन मुलं वाढवलेली. मुलगी नोकरीला लागल्यावर तिला वाटलं, दोन दिवस थंड हवेत एकटीनं राहावं. तिनं एका लॉजवर फोन केला. पहिला प्रश्न आला, ‘बरोबर कोण आहे?’ कुणी नाही म्हटल्यावर उत्तर आलं, ‘एकट्या लेडीजना आम्ही रूम देत नाही. मालकाची ऑर्डर आहे.’ एकटा पुरुष बाटली घेऊन आला तरी त्याला खोली मिळते. एकटी बाई आली की ती जीव द्यायला आली असेल नाहीतर धंद्याला, या दोनच गोष्टी लोकांच्या मनात येतात. थकली म्हणून आली असेल, असं कुणाला सुचतच नाही.

आपल्या संविधानाचं १५ वं कलम, त्यातला दुसरा भाग, प्रत्येकीनं पाठ करून ठेवावा असा आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कुठल्याही नागरिकाला दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं आणि करमणुकीच्या ठिकाणी जायला मज्जाव करता येत नाही. संविधानात हॉटेल हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. तो का लिहावा लागला, हे आपल्यातल्या दलित मैत्रिणींना सांगायला नको. आजही रजिस्टरमध्ये आडनाव लिहिल्यावर, बुरखा दिसल्यावर किंवा पत्त्यात वस्तीचं नाव आल्यावर खोल्या ‘अचानक’ भरतात. ओळखपत्र मागणं ठीक आहे. लग्न झालंय का, नवरा कुठं आहे, हे विचारायचं काही कारण नाही. तसा दाखला दाखवावा असा कुठलाही कायदा नाही.

पण रात्री आठ वाजता, घाट चढून गेल्यावर, हातात पिशवी घेऊन कायदा सांगणं सोपं नसतं. म्हणून बोलणं आधी, पुण्यातूनच करा. ‘आम्ही चौघीजणी आहोत, बरोबर पुरुष नाही’ असं फोनवर स्वच्छ सांगा. आरक्षण लेखी घ्या, मोबाइलवरच्या संदेशात का होईना. नकार दिला तर तोही लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा खोली निघते! नाहीच निघाली तर ११२ वर फोन करा आणि परत आल्यावर पर्यटन विभागाकडे गटाच्या नावानं तक्रार द्या. एकटीची तक्रार फायलीत पडून राहते. गटाची असली की पाठपुरावा होतो.

सुरक्षिततेबद्दलही बोललं पाहिजे. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या बसमध्ये एका तरुणीवर बलात्कार झाल्याची तक्रार नोंदली गेली. त्यानंतर घरोघरी काय झालं? मुलींना सांगितलं गेलं, एकटीनं प्रवास करू नकोस. स्थानकावर पुरेसा उजेड आणि पहारा का नाही, हे विचारणारे आवाज त्या मानानं कमी होते. मुक्कामाचंही तसंच आहे. आपल्याला कोंडून ठेवणारी जागा म्हणजे सुरक्षित जागा, असं नाही. रात्री नऊ वाजता अंगणात येऊन आकाश बघावंसं वाटलं तर जिथं निर्धास्तपणे बघता येतं, ती जागा सुरक्षित.

म्हणून फोनवर भाडं विचारण्याआधी हे विचारा. कडी आतून लागते का? संडास-न्हाणी खोलीलाच लागून आहे की अंगण ओलांडून? जेवणाच्या जागेपर्यंत वाटेवर दिवे आहेत का? रात्री कामावर एखादी बाई असते का? बसस्थानकापासून चालत किती? पायऱ्या किती? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. डोंगरावरच्या लॉजना चढ-उतार फार, आणि आपल्यातल्या निम्म्या जणींचे गुडघे दुखतात. स्वारगेटहून निघालेली गाडी वाईवरून पसरणी घाट चढून पाचगणीला आणि पुढं महाबळेश्वरला जाते. पावसाळ्यात घाटात धुकं उतरतं, तेव्हा उजेडात पोचाल अशीच गाडी धरा. खोलीत छुपा कॅमेरा सापडला तर त्याला हात न लावता पोलिसांना बोलवा. भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे.

खर्चाचं म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याच वर्षी शासनानं ‘आई’ नावाचं महिला पर्यटन धोरण आणलं. त्यात पर्यटन महामंडळाच्या निवासांमध्ये १ ते ८ मार्च धरून वर्षातले ३० दिवस बायकांना निम्म्या दराची तरतूद आहे. महामंडळाचे निवास महाबळेश्वर, माथेरान, भंडारदऱ्याला आहेत. सवलत चालू आहे का, कोणत्या तारखांना आहे, हे विचारून घ्या. योजना कागदावर राहू द्यायची नसेल तर ती मागायला बायका गेल्या पाहिजेत.

आणखी एक गोष्ट. आपण विश्रांतीला जातो तिथंही कुणीतरी बाईच राबत असते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढं सामान डोक्यावर वाहून नेणाऱ्यांत बायका आहेत. माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. डोक्यावरच्या ओझ्याचा विचार निदान आपण करू या. लांबचा बंगला घेतला तर ती चाल कुणाच्या मानेवर पडणार आहे? बॅग हलकी ठेवा आणि मजुरीत घासाघीस करू नका.

पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. अशा गावातल्या घरी उतरणं आपल्याला आवडतं; गरम भाकरी मिळते, गप्पा होतात. पण आपण टाळलेला स्वयंपाक तिथं दुसरी बाई करत असते. तेव्हा पैसे कुणाच्या हातात पडतात तेही बघा, आणि जमेल तिथं तिच्याच हातात द्या. लॉजवर खोली झाडायला आलेल्या बाईशी दोन शब्द बोला. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिच्या कामाच्या जागेलाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर मालकानं समिती नेमलीच पाहिजे, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. बहुतेक जणींना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवटी एक सूचना मांडते. प्रत्येक गटानं एक वही घालावी. जी बाई जिथं राहून येईल तिनं त्यात लिहावं: एकटीला खोली दिली का, आडनावावरून कुणी काही बोललं का, कडी नीट लागत होती का, पायऱ्या किती होत्या, कामवाल्या बायांना वागणूक कशी होती. वर्षातून एकदा या वह्या एकत्र करू आणि सगळ्या गटांना वाटू. जाहिरातीत यातलं काहीच नसतं. ही माहिती आपली आपणच गोळा केली पाहिजे.

आणि घरात पुन्हा कधी ‘तुला कुठंही चालेल ना?’ असं विचारलं, तर ‘चालेल’ म्हणू नका. ‘आधी जागा मी बघते,’ एवढं म्हणा.