यकृतातील मुकादम



एका वाटाघाटीत आम्ही रात्रपाळीच्या कामगारांसाठी यकृताची तपासणी मागितली. समोरून प्रश्न आला, "दारू पिणाऱ्यांचा खर्च कारखान्याने का सोसावा?" त्या वेळी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ. तेव्हा पुस्तके घेऊन बसलो.

दारूने यकृत बिघडते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु दारूचा थेंबही न घेणाऱ्याच्या यकृतात चरबी साचते, ती का? यकृताच्या पेशींत 'न्यूक्लिअर रिसेप्टर' नावाची प्रथिने असतात. न्यूक्लिअर म्हटले की अणुबाँब आठवतो. येथे अर्थ पेशीचे केंद्रक एवढाच. आपण त्यांना ग्राही म्हणू. मनुष्यात ते 48 प्रकारचे आहेत. त्यांचे काम खात्यातील मुकादमाचे. चिठ्ठी आली की कोणते यंत्र चालवायचे, कोणते थांबवायचे, हे ते पाहतात. यंत्रे म्हणजे जनुके. चिठ्ठ्या म्हणजे संप्रेरके, स्निग्धाम्ले, पित्ताम्ले. पित्ताम्ले वाढली की 'एफएक्सआर' हा ग्राही त्यांचे उत्पादन आवरतो. हे 1999 साली उघड झाले. 'पीपार' हे ग्राही चरबी जाळणे व साठविणे सांभाळतात.

आमच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा 'रेव्ह-एर्ब'. तो शरीराच्या दिवसरात्रीच्या घड्याळाचाच भाग आहे. उंदरांच्या यकृतातून हा ग्राही व त्याचा जोडीदार काढून टाकले, तेव्हा तेथे चरबी साचली. आता रात्री दोन वाजता डबा उघडणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. घड्याळ सांगते निजावे, डबा सांगतो जेवावे. मुकादमाने कोणाचे ऐकावे?

औषधे निघाली आहेत. पीपारवर चालणारे अहमदाबादचे सारोग्लिटाझार आपल्याकडे 2020 साली या रोगासाठी मंजूर झाले. थायरॉइडच्या ग्राहीवरचे रेसमेटिरॉम अमेरिकेत 2024 साली. पण मुकादमाला बाहेरून हुकूम देणे सोपे नव्हे. एफएक्सआरला चालना देणारे ओबेटिकोलिक आम्ल पित्तनलिकांच्या एका रोगासाठी 2016 साली तेथे मंजूर झाले. त्याने काही रुग्णांच्या यकृतासच इजा झाली, आणि 2025 साली ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले.

रेसमेटिरॉमच्या परवानगीतही आहार व व्यायामाची जोड सांगितली आहे. बारा तास उभे राहणाऱ्याने व्यायाम केव्हा करावा, हे परवानगीत लिहिलेले नाही. म्हणून आमच्या नव्या मागणीपत्रात तपासणीच्या वर एक कलम चढले आहे: सलग रात्रपाळ्या कमी करा, आणि पाळी बदलताना मध्ये पुरती विश्रांती द्या.