डावा हात
(कोजागरीला सोसायटीच्या गच्चीवर केलेले भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी अमेरिकेतला एखादा अनुभव सांगायची फर्माईश केली आहे. नायगारा आपण सर्वांनी एकमेकांच्या मोबाईलवर पाहिलेलाच आहे, तेव्हा मी स्क्वेअर डान्सबद्दल बोलतो. हसू नका!

मुलगा न्यू जर्सीत असतो. त्या राज्याने १९८३ साली या नाचाला आपले लोकनृत्य म्हणून मान्यता दिली. चौकोनाच्या चार बाजूंना चार जोड्या उभ्या राहतात आणि एक जण माईकवरून हुकूम सोडतो. त्याला म्हणतात कॉलर. पुढचा हुकूम कोणता येईल हे नाचणाऱ्यांना ठाऊक नसते, त्यामुळे नुसते पाठांतर चालत नाही. आठांतला एक चुकला की सगळा चौकोन विस्कटतो. म्हणून नवशिक्यांच्या वर्गात जुने नाचणारे आपणहून येऊन उभे राहतात. त्यांना एंजल म्हणतात, म्हणजे देवदूत.

पहिल्या खेपेला मी नवशिका, वय एकाहत्तर. सौ.चे गुडघे दुखतात, त्यामुळे ती खुर्चीवर. ‘अलेमांड लेफ्ट’ म्हटले की पुरुषाने आपल्या डावीकडच्या बाईचा डावा हात आपल्या डाव्या हाताने धरायचा, वळसा घ्यायचा आणि जोडीदारणीकडे परत यायचे. आता आपल्याला लहानपणापासून डावा हात पुढे करू नये हेच शिकवलेले! माझा उजवाच जायचा. डावीकडे ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त वेळ आली की त्यांचा डावा हात माझ्यासमोर तयार असायचा. तीनेक आठवड्यांत माझाही आपोआप जाऊ लागला.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तर मलाच एंजल केले. शेजारी एक नवीन बाई होत्या. यजमान जाऊन त्यांना वर्षही झाले नव्हते. आणि मी काय केले? बँकेत नव्या क्लार्कच्या हातून लेजर ओढून ‘सोड, मी करतो’ म्हणायचो, तेच. दंड धरून त्यांना वळवले. कॉलर बोलतोय आणि मीही बोलतोय, ‘नो, नो, लेफ्ट!’ चौकोन मोडल्यावर कुणाचे चुकले तेही सांगितले. कॉफीच्या सुट्टीनंतर त्या दिसल्या नाहीत. नावाचा बिल्ला टेबलावर होता.

कॉलर रागावला नाही. बाजूला घेऊन म्हणाला, तुम्ही वेळेवर आपल्या जागी असा आणि हात तयार ठेवा. ओढू नका, ढकलू नका. चौकोन मोडला तर मूळ जागी जाऊन थांबा. शिकवायचं काम माझं.

गाडीत सौ. म्हणाली, “मला स्कूटर शिकवली होतीत, आठवतंय? मी अजून रिक्षानेच जाते.”

पुढचे सगळे मंगळवार गप्प उभा राहिलो. समोर चूक दिसतेय आणि बोलायचे नाही, हे आयुष्यभर व्हाउचर तपासलेल्या माणसाला काय जड जाते! तो बिल्ला मी निघेपर्यंत तिथल्या डब्यातच होता. दर वेळी पाहायचो.

आता शनिवारी आपल्या ऑफिसात मी ज्येष्ठांना मोबाईलवरून मेंटेनन्स भरायला शिकवतो. तेव्हा माझे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले असतात, हे काहींनी पाहिले असेल. परवा एका वहिनींना चोवीस मिनिटे लागली. मी घड्याळ पाहिले, एवढे मात्र कबूल करतो.

दूध निवत असेल.