गाणे कोणाच्या तोंडी?



इटलीत जन्मलेल्या लोरेन्झो दा पोन्ते या कवीने मोत्सार्टच्या १७८६ सालच्या ‘फिगारोचा विवाह’ या संगीतिकेचे शब्द लिहिले. शब्द एकाचे, संगीत दुसऱ्याचे, अशी तेथील वाटणी. आपल्याकडे मात्र नाटक लिहिणे, पदे रचणे, त्यांना चाली लावणे आणि नटांची तालीम घेणे, ही सारी कामे एकाच गृहस्थाने अंगावर घेतली. ते गृहस्थ म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर.

अण्णासाहेबांचा जन्म १८४३ सालचा. त्याच वर्षी सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्या नाटकांत पदे म्हणण्याचे काम मुख्यतः सूत्रधाराचे. पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. शोक सीतेचा, पण तो गाणार सूत्रधार!

अण्णासाहेब पुण्यास सरकारी नोकरीत होते. पात्रांनीच गावे, ही कल्पना त्यांना पारशी मंडळींचा ‘इंद्रसभे’चा खेळ पाहून सुचली, असे सांगतात. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात त्यांच्या ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले आणि शकुंतला आपले सुखदुःख स्वतःच मराठीत गाऊ लागली. साकी, दिंडी हे तर कीर्तनातून लोकांच्या कानांत बसलेले छंद. त्यामुळे ते गाणे कोणास परके वाटले नाही.

एवढ्याने काय झाले, असे कोणी विचारील. पुष्कळ झाले! १८८२ च्या ‘सौभद्रा’त बलरामदादा सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवितात. तिला विचारतो कोण? पण प्रेक्षकांपुढे आपले मन तीच उघड करते. कथा द्वारकेची, घर मात्र आपलेच. सुभद्रेचे सोंग घेणारे भाऊराव कोल्हटकरांसारखे पुरुष नट होते, हे खरे. तरी बोल मुलीचे होते.

१८८५ साली अण्णासाहेब वारले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. पण त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ आणले. तेथे द्वारका नाही, देव नाही. पैशाच्या लोभाने बाप कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधू पाहतो, आणि ती मुलगी गाते. सुभद्रेने वाट केली नसती, तर शारदेला कंठ कोठून फुटता?

आजही घरात लग्नाची बैठक बसली आणि मुलीच्या वतीने सूत्रधारच बोलत राहिला, तर अण्णासाहेबांचे काम पुरे झाले नाही, असेच म्हणावे लागेल. ते आपल्या हाती आहे.