इमारतीचा आराखडा : एका प्रणालीतून दुसरीत



इमारतीचा नकाशा पूर्वी कागदावर असे. आता वास्तुशिल्पी तो संगणकावर त्रिमितीत उभा करतो. त्या इमारतीत उष्णता किती शिरेल, वीज किती लागेल, याचे गणित मात्र दुसरीच प्रणाली करते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची, २००१ साली प्रसृत झालेली ‘एनर्जीप्लस’ ही त्यांपैकी एक.

अडचण अशी की, या दोहोंची ‘भिंत’ एक नाही. वास्तुशिल्प्याची भिंत नऊ इंच जाडीची, विटांची व गिलाव्याची. गणित करणाऱ्या प्रणालीच्या लेखी भिंत हा नुसता पृष्ठभाग. जाडी ही त्याच्या गुणधर्मांत नोंदवावयाची. खोली म्हणजे सर्व बाजूंनी बंद पोकळी. भिंत व स्लॅब यांच्यामध्ये बोटभर फट राहिली तर गवंडी ती न सांगता बुजवितो. संगणकाला मात्र तेथे खोलीच सापडत नाही. मग तीच इमारत पुन्हा पहिल्यापासून भरावी लागते. तोवर बांधकाम जोत्यापर्यंत आलेले असते आणि गणिताचा उपयोग अहवालापुरता उरतो.

यावर उपाय म्हणून समाईक लिपी तयार झाल्या. ‘आयएफसी’ ही सर्व अंगांची नोंद ठेवते. २०१३ साली तिला आयएसओ १६७३९ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. २००० साली पुढे आलेली ‘जीबीएक्सएमएल’ आटोपशीर आहे. तिचा रोख ऊर्जेच्या गणितावरच आहे. पण लिपी एक झाली म्हणून अर्थ एक होतोच असे नाही. पश्चिमेच्या खिडकीवरील छज्जा शोभेची वस्तू म्हणून नोंदला गेला, तर तो वाटेत गळून पडू शकतो. मग कागदावर वर्गखोली तापते आणि नको तेवढी यंत्रसामग्री मंजूर होते. उलट, उत्तर दिशाच चुकली तर तापणारी खोली थंड ठरते; ती चूक मुलांना सोसावी लागते.

माहितीची देवाणघेवाण नीट न झाल्याने २००२ साली अमेरिकेतील मोठ्या वास्तूंच्या क्षेत्राला सुमारे १,५८० कोटी डॉलरचा भुर्दंड पडला, असा अंदाज तेथील राष्ट्रीय मानक संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश भार मालक व चालक यांच्यावर होता, आराखडा करणाऱ्यांवर नव्हे!

भारतात ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ साली आली. तिच्या पूर्ततेसाठी असे गणितही ग्राह्य धरतात. ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याने संगणक शिकलेला असण्याची गरज नाही. खोल्यांची संख्या, प्रत्येकीचे क्षेत्रफळ, उत्तर दिशा आणि छज्जे एवढे मूळ नकाशाशी ताडून पाहावे. जुळले नाही तर अहवाल परत पाठवावा.